शॅल, विल आणि आमचें ‘जाणार आहों’

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका वाचकभगिनीच्या पत्रानें आम्हांस बराच वेळ गुंतवून ठेविलें. घर एकत्र कुटुंबाचें आहे. सासूसासरे, दीरजावा, मुलेंबाळें अशीं बारा-चौदा पानें एका पंक्तीला मांडलीं जातात. घरांतील नात पांचवींत शिकते. ‘माझी उन्हाळ्याची सुटी’ ह्या विषयावर तिला इंग्रजी निबंध लिहून न्यावयाचा होता. तो तिनें आजोबांजवळ बसून लिहिला. ‘आम्ही आजीच्या माहेरीं जाऊं, आंबे खाऊं, विहिरींत पोहूं’ अशीं जीं वाक्यें होतीं, त्यांत आजोबांनीं सर्वत्र ‘वी शॅल’ घालून दिलें. शाळेंतील शिक्षिकांनीं प्रत्येक ‘शॅल’ तांबड्या शाईनें खोडून वर ‘विल’ लिहिलें आणि गुण कापले. वही घरीं येतांच आजोबांनीं तें ‘विल’ खोडून पुन्हां ‘शॅल’ केलें. मुलीचे वडील म्हणाले, ‘हल्लीं शॅल कोणी म्हणत नाहीं, बाबा.’ आजोबा म्हणाले, ‘हल्लीं धोतरही कोणी नेसत नाहीं, म्हणून तें नेसणें चुकीचें ठरतें काय?’ पुढें दोन दिवस बापलेकांचें बोलणें कामापुरतेंच चाललें. पत्राच्या शेवटीं ह्या भगिनी लिहितात, ‘गुरुजी, कोण बरोबर तें एकदां सांगून टाका. मुलगी आतां इंग्रजीची वहीच उघडीत नाहीं.’

हें शेवटचें वाक्य नसतें तर आम्हीं एका कार्डावर उत्तर देऊन मोकळे झालों असतों. तें आहे म्हणून ह्या महिन्याचें सदर ह्याच विषयाला दिलें आहे.

आजोबांचा पक्ष आधीं पाहूं. तो निराधार नाहीं. ऑक्सफर्ड येथें भूमितीचे अध्यापक असलेले जॉन वॉलिस, म्हणजे गणितांत अनंताचें आडव्या आठासारखें चिन्ह ज्यांनीं आणिलें तेच गृहस्थ, ह्यांनीं १६५३ सालीं इंग्रजी भाषेचें एक व्याकरण लॅटिनमध्यें लिहिलें. त्यांत शॅल आणि विल ह्यांचा भेद त्यांनीं नियमबद्ध केला. पुढें काय घडेल एवढेंच सांगावयाचें असेल तर प्रथमपुरुषीं ‘शॅल’ आणि द्वितीय व तृतीय पुरुषीं ‘विल’. परंतु वचन, निश्चय किंवा धमकी असेल तर सगळें उलट. प्रथमपुरुषीं ‘विल’ आणि इतरत्र ‘शॅल’. हाच नियम पुढें शालेय व्याकरणांत शिरला. नेसफील्डच्या पुस्तकांतून आणि १९३५ च्या सुमारास निघालेल्या रेन व मार्टिन ह्यांच्या पुस्तकांतून तो आमच्याकडील पिढ्यान् पिढ्यांनीं पाठ केला. (ह्यांतील रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होते आणि वाळवंटांतील फ्रेंच शिपायांवर त्यांनीं लिहिलेली कादंबरी त्यांच्या काळीं फार गाजली, हें व्याकरणाला कंटाळलेल्या मुलांस अवश्य सांगावें.)

ह्या नियमाच्या समर्थनार्थ व्याकरणाचे शिक्षक एक गोष्ट सांगत आले आहेत. एक आयरिश मनुष्य पाण्यांत पडला आणि ओरडूं लागला, ‘आय् विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणावयाचें होतें कीं, मी बुडणार, मला कोणी वांचवणार नाहीं. काठावरच्या इंग्रजांनीं नियमाप्रमाणें अर्थ घेतला: ‘मी बुडून दाखवीनच, मला कोणी वांचवितां कामा नये!’ आणि त्याच्या इच्छेस मान देऊन ते स्वस्थ उभे राहिले. ही गोष्ट ऐकून आम्ही लहानपणीं पोटभर हंसलों होतों. पुढें वय वाढल्यावर असें वाटूं लागलें कीं, ह्या गोष्टींत हंसें व्हावयास पाहिजे तें काठावरच्यांचें.

नियमाला मूळ नाहीं असें मात्र नाहीं. ‘विल’चा जुना अर्थ इच्छिणें असा आहे, मृत्युपत्रास इंग्रजींत विल म्हणतात तें त्याच अर्थानें. ज्या ‘वृ’ धातूपासून आमचे ‘वर’ आणि ‘स्वयंवर’ हे शब्द आले, त्याचें व ह्या ‘विल’चें गोत्र एकच आहे. उलट ‘शॅल’चा जुना अर्थ देणें लागणें, बांधलेला असणें असा. जर्मन भाषेंत ऋणास आणि अपराधास ‘शुल्ड’ हा एकच शब्द आहे, तो ह्या ‘शॅल’चा भाऊबंद. म्हणजे एक शब्द इच्छेचा आणि दुसरा ऋणाचा. भविष्यकाळ ह्या दोहोंपैकीं एकाच्याही पोटीं जन्मला नाहीं. तो दोघांकडे दत्तक गेलेला आहे. ‘मी करीन’ हें नम्रपणें सांगतांना स्वतःची इच्छा मिरवूं नये, कर्तव्य सांगावें, आणि दुसऱ्याविषयीं बोलतांना त्याच्यावर कर्तव्य लादूं नये, त्याची इच्छा समजावी, असें ह्या नियमाचें समर्थन करितां येतें. तें ऐकावयास फार गोड आहे. मराठी घरांत वाढलेल्या माणसास तर तें चटकन् पटतें.

परंतु इंग्रज तरी हा नियम पाळीत होते काय? दक्षिण इंग्लंडांतील सुशिक्षित बऱ्याच अंशीं पाळीत. स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिका येथें त्याला कधीं फारसें मानलें गेलें नाहीं. इंग्रजी शुद्धाशुद्धाचे मोठे अधिकारी जे फाउलर बंधु, त्यांनीं १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या विषयावर पुष्कळ पानें खर्च केलीं, आणि तेथेंच अशीही कबुली दिली कीं, दक्षिणेकडच्या इंग्रजास हें उपजतच येतें, तेथें न जन्मलेल्यास मात्र तें साधणें जवळजवळ अशक्य. जें एडिंबरोच्या पंडितास साधत नाहीं, तें हिंगणघाट तालुक्यांतील वडनेरच्या पांचवींतल्या पोरास साधलें पाहिजे, असा आमचा आग्रह होता! १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स कोसळत असतां चर्चिल ह्यांनीं पार्लमेंटांत जें भाषण केलें, त्यांत ‘आम्ही लढूं’ हा निश्चय त्यांनीं पुनःपुन्हां ‘वी शॅल’नेंच सांगितला. १९४२ सालीं फिलिपाइन्स सोडावें लागलेल्या मॅकआर्थर ह्या अमेरिकन सेनापतीनें ‘मी परत येईन’ ही प्रतिज्ञा ‘आय् शॅल’नें केली. नियमाच्या वहींत पाहिलें तर दोघेही नुसतें भाकीत करीत होते असें म्हणावें लागेल. जगानें मात्र तसा अर्थ घेतला नाहीं.

आज बोलण्यांत व लिहिण्यांत तिन्ही पुरुषीं ‘विल’ चालतें. म्हणून शिक्षिकांचा पक्षही खरा. पण ‘आय् शॅल’, ‘वी शॅल’ हें जुनें वाटलें तरी अशुद्ध नव्हे. त्याबद्दल गुण कापणें आमच्या मतें अन्याय आहे, आणि मुलांच्या वहींत शिक्षकाची दुरुस्ती आजोबांनीं खोडणें हा त्याहून मोठा प्रमाद आहे. शॅल मेलेलें नाहीं. त्याचीं कामें कमी झालीं आहेत एवढेंच. २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणें अंमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेचा इंग्रजी पाठ उघडावा. पहिल्या अनुच्छेदापासूनच तृतीयपुरुषी ‘शॅल’ भेटूं लागतें. तेथें तें भविष्य सांगत नाहीं, विधान बांधून देतें. वॉलिस ह्यांचा नियम जर कोठें ठणठणीत असेल तर तो कायद्याच्या पुस्तकांत. शॅलचें दुसरें काम प्रश्नांत आहे, आणि तें आमच्या फार उपयोगाचें. त्याकडे लवकरच येऊं.

निवाडा झाला, पण मूळ दुखणें तसेंच राहिलें. आजोबा आणि शिक्षिका दोघांनींही असें धरलें आहे कीं, इंग्रजींत भविष्यकाळ नांवाचें एक रूप आहे आणि प्रश्न एवढाच कीं तें शॅलनें करावयाचें कीं विलनें. ही समजूतच आमच्या मुलांस अडविते. डेन्मार्कचे प्रसिद्ध भाषापंडित येस्पर्सन ह्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचें स्वतःचें रूपच नाहीं. ‘गो’चें भूतकाळीं ‘वेंट’ होतें. भविष्यकाळीं त्याचें कांहींच होत नाहीं, शेजारीं उसना शब्द आणून बसवावा लागतो. संस्कृतांत ‘गमिष्यति’ आणि मराठींत ‘जाईल’ हें धातूच्या अंगावरच उमटतें. आमच्या वैयाकरणांनीं त्याला ईलाख्यात असें नांव दिलें, तें रूपावरून दिलें, काळावरून नव्हे. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ सालच्या शास्त्रीय व्याकरणांत हा विचार वाचावयास मिळतो. रूप एक आणि अर्थ अनेक असूं शकतात, हें त्यांतलें मर्म. ‘दादा आतां घरीं असेल’ ह्या वाक्यांत रूप भविष्याचें आहे, पण अर्थ आत्तांच्या तर्काचा आहे. गंमत अशी कीं, इंग्रजही येथें ‘ही विल बी ॲट होम नाउ’ असेंच म्हणतो.

तेव्हां ‘गो’चा भविष्यकाळ काय, हा प्रश्न मुलास विचारूं नये. बोलणाराच्या मनांत काय आहे तें विचारावें. आणि हें विचारावयास परकी भाषा लागत नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांत हे सगळे भेद रोज उच्चारले जातात.

सकाळीं सून विचारते, ‘आज भाजी कोणती करूं?’ हें ‘करूं’ भविष्याचें आहे, परंतु तींत भविष्य सांगितलेलें नाहीं, आज्ञा मागितलेली आहे. इंग्रजींत येथें शॅलच यावयाचें: ‘शॅल आय् मेक...’ ‘दार उघडूं का?’, ‘आपण निघूं या का?’ ह्या सर्वांस शॅल. जेथें मराठींत ‘ऊं का’ येतें तेथें शॅल, एवढें सांगितलें कीं पांच वर्षांचें मूलही चुकत नाहीं. येथें ‘विल आय् ओपन द डोअर’ म्हणणारा, आपल्या हातून दार उघडलें जाईल कीं नाहीं ह्याची ज्योतिषास पृच्छा करीत आहे असें वाटेल.

दुपारीं कोणी म्हणतें, ‘अगं, साखर संपली.’ मुलगा म्हणतो, ‘थांब, मी आणीन.’ हा निश्चय त्याच घटकेला झाला. येथें ‘आय् विल’. परंतु मोठे काका आधींच पिशवी घेऊन निघाले असतील तर ते ‘आणीन’ म्हणणार नाहींत, ‘आणणारच आहें’ म्हणतील. हेतु आधीं ठरलेला आहे. इंग्रजींत येथें ‘आय् ॲम गोइंग टु’. मराठींत ‘जाईन’ आणि ‘जाणार आहें’ ह्यांत जो फरक, तोच बहुतेक ठिकाणीं ‘विल गो’ आणि ‘गोइंग टु गो’ ह्यांतला. आमचीं मुलें मराठींत ह्या दोहोंची गल्लत कधींही करीत नाहींत, आणि इंग्रजींत मात्र सगळ्यास ‘विल’चा एकच सदरा चढवितात, कारण भविष्यकाळ म्हणजे विल असें आम्हींच त्यांस पढविलें.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांकरितां येथें थोडें थांबतों. पाणिनीनें भविष्याचे दोन लकार सांगितले आहेत. सर्वसाधारण भविष्यास लृट् आणि आजच्या दिवसाबाहेरच्या भविष्यास लुट्. ‘गमिष्यामि’ हा पहिला, ‘गन्तास्मि’ हा दुसरा. आतां ह्या ‘गन्तास्मि’ची फोड करा. गन्ता म्हणजे जाणारा, अस्मि म्हणजे आहें. ‘जाणार आहें’! घडण जशीच्या तशी. हें मराठी रूप त्या लुट्‌पासूनच उतरलें असा आमचा दावा नाहीं. पण पुढचें कर्म सांगतांना ‘मी तें करणाराच आहें’ असें म्हणावें, ही बुद्धि दोन्हीकडे एकच. आणि इंग्रजही आपल्या परीनें तेंच करितो. तो म्हणतो, मी त्या कामाच्या वाटेला लागलेला आहें.

‘गाडी पांचला सुटते’ ह्यांत वर्तमानकाळ असून बोलणें उद्यांचें आहे. इंग्रजींतही वेळापत्रकास साधा वर्तमानकाळच, ‘द बस लीव्ह्ज् ॲट फाइव्ह’. ‘उद्यां मामा येताहेत’ ह्यास ‘इज कमिंग’. जवळच्या भविष्यास वर्तमानाचें रूप देण्याची मुभा पाणिनीनेंही ठेविली आहे. एका ठिकाणीं मात्र मराठी माणसानें सांभाळावें. घरांतून निघतांना ‘जातों’ म्हणूं नये म्हणून आपण ‘येतों’ म्हणतों; त्याचें शब्दशः इंग्रजी करून आमच्या एका विद्यार्थ्यानें साहेबाचा निरोप घेतला, तेव्हां साहेब त्याला आंत बोलावून बसावयास खुर्ची देऊं लागले.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सदर लिहावयास घेतलें ती सांगतों.

आमच्या वर्धा जिल्ह्यांत, नागपुराकडे आणि वऱ्हाडांत, सामान्य लोक ‘तो येईल’ असें म्हणत नाहींत; ‘तो येईन’ म्हणतात. ‘मी येईन, तो येईन, पानी येईन.’ पुण्याकडील पुस्तकांतील भाषेनें हें अशुद्ध. आम्ही नोकरींत असतांना एके दिवशीं पांचवींच्या वर्गांत ‘उद्यां पाऊस येईल’ ह्या वाक्याचें इंग्रजी विचारलें. मागच्या बांकावरील एका शेतकऱ्याच्या मुलानें हात वर केला. तो उभा राहिला आणि आधीं मराठी वाक्य म्हणाला, ‘उद्या पानी येईन.’ पुढचें इंग्रजी त्याच्या ओठांवर होतें. आम्हीं त्यास तेथेंच थांबविलें. ‘पानी नव्हे, पाऊस. येईन नव्हे, येईल. पाऊस काय प्रथमपुरुषी आहे?’ हा विनोद आम्हांस त्या वेळीं फार चांगला वाटला. वर्ग खदखदून हंसला. मुलगा खालीं बसला. त्याचें इंग्रजी आम्हीं ऐकलेंच नाहीं. त्या वर्षांत त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं, आणि पुढें फार शिकलाही नाहीं.

हा मनुष्य आज गांवींच शेती करितो. कपाशी आणि तूर लावितो. मृग लागला आणि आभाळ नुसतें फिरूं लागलें कीं वाटेंत भेटल्यावर तो आम्हांस विचारतो, ‘गुरुजी, यंदा पाऊस वेळेवर येईल का?’ दहा पावलांवर दुसरा शेतकरी भेटला कीं त्याच तोंडून ‘पानी येईन का गा?’ असें निघतें, तें आम्हांस मागून ऐकूं येतें. इतक्या वर्षांनंतरही आमच्यापुढें तो ‘येईल’ म्हणतो. आम्हीं त्याला एवढेंच शिकविलें.

ह्यांत आमची चूक काय झाली, तें व्याकरणाच्या अंगानेंही पाहण्यासारखें आहे. वऱ्हाडींत प्रथम व तृतीय पुरुषाचें भविष्यरूप एक झालें. पुरुष दाखविण्याचें काम ‘मी’ व ‘तो’ ह्या सर्वनामांवर सोपविलें. इंग्रजींत काय झालें? ‘आय् शॅल, ही विल’ हा भेद पुसला जाऊन ‘आय् विल, ही विल’ झालें, तेंच. जें लंडनांत झालें तें आधुनिक, आणि जें वडनेरास झालें तें गांवढळ! दक्षिण इंग्लंडचा मनुष्य बुडत्या आयरिशास हंसला, तसेच आम्ही आमच्याच गांवच्या पोराला हंसलों. आणि आम्ही तर काठावर पगार घेऊन उभे होतों. परीक्षेच्या वहींत ‘येईल’ लिहावें हें मुलांस शिकविलेंच पाहिजे, त्यांत आम्हांस आजही शंका नाहीं. पण दोन दुरुस्त्या एका श्वासांत करूं नयेत, आणि बोलतें मूल थांबवून तर मुळींच करूं नयेत.

शिवाय त्या मुलास ह्या विषयांतलें आमच्याहून अधिक कळत होतें. शेतकरी पश्चिमेचें काळें आभाळ पाहून ‘येते आतां’ किंवा ‘येणार’ म्हणतो. नुसता अंदाज असेल तर ‘येईन’ म्हणतो. डोळ्यांपुढें लक्षण दिसत असेल तर इंग्रज ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणतो. लक्षण नसून केवळ अनुमान असेल तर ‘इट विल रेन’. हा भेद आमच्या हातांतल्या पुस्तकांत नव्हता. त्या मुलाच्या घरीं होता. तो विचारला असता तर त्या दिवशींचा धडा त्यानेंच घेतला असता.

‘जर’ची चूकही अशीच घरच्या भाषेनें सुधारते. ‘जर पाऊस येईल तर मी जाणार नाहीं’ असें मराठी रचून मुलें ‘इफ इट विल रेन’ लिहितात. वस्तुतः घरांत असें कोण बोलतें? आपण ‘पाऊस आला तर’ म्हणतों. रूप भूतकाळाचें, अर्थ उद्यांचा. मनांतली आशा किंवा अपेक्षा सांगतांना भविष्याऐवजीं भूताचें रूप वापरण्याची सोय पाणिनीनें सांगितली आहे, आणि तिच्या विवरणांत पाऊस व भाताचें पीक ह्यांचाच दाखला जुने टीकाकार देतात. इंग्रज येथें भूतकाळ न घेतां वर्तमान घेतो, ‘इफ इट रेन्स’. पण दोन्ही भाषांचें एका गोष्टीवर एकमत आहे कीं अटींत भविष्य घालावयाचें नाहीं. म्हणून मुलास सांगावें, ‘आला तर, गेला कीं, झाल्यावर’ असें जेथें तुझ्या तोंडीं येतें, तेथें इंग्रजींत विल नको. ‘बाबा आले कीं जेवूं’ ह्यास ‘व्हेन फादर कम्स’. एवढ्या एका खुणेनें निम्म्या चुका जातात, हा आमचा अनुभव आहे. क्वचित् ‘इफ ही विल लिसन’ असेंही बरोबर असतें, पण तेथें ‘त्याची ऐकण्याची इच्छा असेल तर’ असा विलचा जुना अर्थ जागा झालेला असतो. हें मोठ्या मुलांस सांगावें, लहानांस नको.

राहिलीं तीं मिश्र रूपें. हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून मुलगा सकाळीं गाडीनें निघाला म्हणजे आई दुपारीं घड्याळ पाहून म्हणते, ‘पोहोंचला असेल.’ हाच ‘विल हॅव रीच्ड’. ‘उद्यां ह्या वेळीं आम्ही गाडींत बसलेलों असूं, गप्पा मारीत असूं’ ह्यांतलें ‘मारीत असूं’ म्हणजे ‘विल बी चॅटिंग’. बारा काळांच्या कोष्टकांतील जें शेवटचें लांबलचक रूप आहे, त्याची गांठ आम्हांस परीक्षेबाहेर फार क्वचित् पडली. त्यावर घरांत भांडण करूं नये.

ज्या वर्ध्यांत १९३७ च्या ऑक्टोबरांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरून मुलांचें शिक्षण मातृभाषेंतून व्हावें असें ठरलें, त्याच जिल्ह्यांत आम्ही इतकीं वर्षें मातृभाषा बाहेर ठेवून इंग्रजीचे काळ शिकविले, ह्याचें आम्हांस आतां नवल वाटतें. २००० सालापासून तर मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलें. तेव्हांपासून मूल घरचें ‘जाणार आहें’ नीट म्हणूं लागण्याच्या आधींच ‘विल’ घोकूं लागतें. इंग्रजी लवकर यावें ह्यास आमची हरकत नाहीं. पण तिला आत बसावयास घरचाच पाट द्यावा. आमच्या लहानपणीं तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घरोघर होती. तींतील वाक्यें पुष्कळदां विलक्षण असत, तरी मराठींतून इंग्रजीकडे जाण्याची तिची वाट मोडावयास नको होती.

आतां त्या मुलीच्या निबंधाकडे वळतों. पत्रांतच लिहिलें आहे कीं, आजीच्या माहेरीं जावयाचें ठरलें असून आगगाडीचीं तिकिटेंही आलीं आहेत. मग ‘आम्ही जाऊं’ हें वाक्यच मुळीं बरोबर नाहीं! तिकिटें काढलेलीं मुलगी ‘जाऊं’ म्हणत नाहीं, ‘जाणार आहों’ म्हणते. म्हणून पहिल्या वाक्यांत शॅलही नको, विलही नको. ‘वी आर गोइंग टु’ लिहावें. आंब्यांचें वाक्य ‘वी विल’नें लिहावें, आणि आजोबांस फारच वाईट वाटत असेल तर तेवढें एक ‘वी शॅल’ ठेवावें. तें शुद्धच आहे. पोहण्याचें काय, तें मात्र तिनेंच आजीस विचारून ठरवावें. उन्हाळ्यांत त्या विहिरीला पाणी असतें काय? असत असेल तर ‘वी विल स्विम’. खात्री नसेल तर ‘इफ देअर इज वॉटर इन द वेल’ असें आधीं लिहावें, आणि त्या इफच्या मागें विल येऊं देऊं नये.

सुटीहून परत आल्यावर तिनें काय काय झालें तें भूतकाळांत लिहून परस्पर आमच्याकडे पाठवावें. आम्ही तें वाचूं, चुका असल्या तर वेगळ्या कागदावर लिहून कळवूं, आणि तिच्या वहीवर तांबडी शाई लावणार नाहीं. हें वचन आहे. आजोबांनीं त्याचें इंग्रजी करितांना वॉलिस ह्यांच्या नियमास अनुसरून ‘विल’ घालावें.